भिकीचा जोहार

८ जानेवारी १९९५, रविवार

आबांनी आज नळी माझ्या हातात दिली. स्वतः होऊन!

अडतीस वर्षांची झाले, ती नळी मी फक्त लांबून पाहिली होती. पत्र्याची, तोंडं लाखेनं बंद. मलकापूरच्या घरात तुळईला टांगलेली असायची. आत सनद आहे – सरकारनं आमच्या खापरपणजोबांना, येसनाकांना, पलटणीतल्या चाकरीबद्दल दिलेली. आबांना हे त्यांच्या आज्जानं सांगितलं, गोंदनाकानं. गोंदनाक हा येसनाकाचा मुलगा. वस्तीत कुणाचं भांडण लागलं की निवाड्याला आमच्या घरी यायचे. सनदवाल्यांचं घर! वाचलेली मात्र कुणीच नाही. मोडी येतंय कुणाला? आणि आज्जाचा शब्द होता – "कागुद जपा, कुनाला दावू नका."

दिवाळीनंतर अर्धांगाच्या झटक्यानं आबांचा डावा हात गेला. तेव्हापासून ते इथं सांगलीत माझ्याकडं. लष्करातला हवालदार माणूस, आता सदऱ्याची बटणं लेकीनं लावायची. आज बटणं लावताना म्हणाले, "वाचून आन. आपुन मूळचं समुद्राकाठचं, येवढंच आज्जा बोलायचा. कुठलं गाव, कोन मानसं – कळू दे. मी हाय तवर."

बरं म्हटलं. नाही म्हणायचं त्राण नव्हतं.

१२ जानेवारी

दिवसभर पाटबंधाऱ्याच्या निविदा टाइप केल्या. बोटं बधिर. घरी आल्यावर आबांची आंघोळ, भाकरी, धुणं. नळी कपाटात तशीच.

२२ जानेवारी, रविवार

साताऱ्याला जाऊन आले. ऑफिसातल्या एकीनं लीलाबाईंचा पत्ता दिला होता. निवृत्त शिक्षिका, ऐंशीला टेकलेल्या, मोडी वाचतात. एका डोळ्यात मोतीबिंदू.

नळी देताना माझा हात जरा अडखळलाच. आबांनी निघताना दोनदा बजावलं होतं – "नदरंआड करू नगं." लीलाबाईंच्या ते लक्षात आलं असावं. म्हणाल्या, "तूच उघड. मी हात लावत नाही, तू म्हणेपर्यंत."

सुरीनं लाख खरवडली. आतून पाच घड्या निघाल्या. मीच म्हटलं, घ्या, बघा. भिंगातून बराच वेळ पाहत राहिल्या.

"आम्रपाली, ही सनद नाही."

"मग?"

"पत्रं आहेत. एका बाईची. शिक्का आहे तो टपालाचा."

पाणी मागितलं आणि प्यायले. दुसरं काय करणार!

कागद फार विरलेत, घाई नको म्हणाल्या. दर रविवारी यायचं. आणि वर अट – मी मोडी शिकायचं. "माझ्या डोळ्यांचा काही भरवसा नाही. उद्या तुलाच वाचावं लागेल."

येताना कराडपर्यंत उभी. पाय गेले.

२३ जानेवारी

आबांना सांगितलं, वाचायला वेळ लागतोय. खोटं नाही. खरंही नाही.

शिरवळला धाकट्या भावाला, कपिलला फोन केला. बूथवर मागं रांग. तो एकदम चिडला – "ताई, कशाला उकरतीस? सनद हाय म्हणून आबांचा मान हाय गावात. ती बी काढून घेतीस व्हय त्यांच्याकडनं? या वयात?"

ठेवला फोन. त्याला काय, महिन्यातून एकदा तोंड दाखवायचं.

५ फेब्रुवारी, रविवार

तीन पत्रं झाली. येसनाकाची कोकणातली बायको. नाव भिकी. तिला लिहिता येत नव्हतं, कुणाकडून तरी लिहवून घेतलेली आहेत. सगळी एकाच अक्षरात. लीलाबाई म्हणाल्या, "लिहिणारा शिकलेला आहे, पण कंटाळलेला. बाई मात्र त्याला सोडत नाहीये."

माझ्या वहीत उतरवून घेतलंय –

"राजश्री येसनाक पलटणकर यांस भिकीचा जोहार. पोरगा चार वर्षांचा जाहाला. तुम्ही त्याचे तोंड पाहिले नाही."

हे पहिलं. १८६६ सालचं निघतं. दुसऱ्यात सासू वारली ते कळवलंय. तिसरं दोनच ओळींचं – "कोणाचे हाती शब्द पाठवणे. जिवंत आहा इतकेच."

१३ फेब्रुवारी

निवडणुकीची ड्यूटी संपली एकदाची. दोन दिवस शाळेच्या बाकावर पाठ टेकली. शेजारच्या काकूंनी आबांना जेवू घातलं. घरी आले तर आबा विचारतात, "वाचली का गं?" मी ओरडले त्यांच्या अंगावर. मग स्वयंपाकघरात जाऊन रडले.

२६ फेब्रुवारी, रविवार

उरलेली दोन वाचली. म्हणजे चौथं अर्धंअधिक मी वाचलं! पाचवं लीलाबाईंनी.

चौथं – "तिकडे दुसरे घर केले असे पलटणीतून आलेल्या माणसाने सांगितले. केले ते केले. लिहिणार म्हणतो की भिकी रडते असे लिहू. मी नको म्हणाले."

पाचवं १८७१ चं. "पोरास नववे लागले. इकडे साथीने घरे ओस पडली. मजपाशी राहिला तर जाईल. मिठाचे बैल घाट चढतात त्यांचे संगे पाठविला आहे. पाय सुजले असतील, कढत पाणी घालणे. रागे भरू नये. मी काही मागत नाही. पोहोचलियाचे कळवावे."

लीलाबाई मध्येच थांबल्या. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग कागद उलटा करून बघितला. "यावर टपालाचा शिक्का नाही. हे पत्र पोरानंच आणलं असणार. म्हणजे तो पोचला, आम्रपाली."

पोचला! नऊ वर्षांचं लेकरू, कुंभार्ली घाट चढून, बैलांच्या मागं.

एसटीत खिडकीशी बसायला मिळालं. बाहेर ऊसच ऊस. काही दिसत नव्हतं मला.

५ मार्च, रविवार

आज आबांना सांगितलं. किती दिवस टाळणार?

समोर बसले, वही उघडली. म्हटलं, आबा, सनद नाही निघाली. पत्रं आहेत. आणि वाचायला लागले. "भिकीचा जोहार" म्हटल्याबरोबर त्यांनी हात वर केला.

"जोहार? थांब. तो शब्द आमी छप्पन साली धम्म घेतला तवा सोडला. या घरात न्हाई यायचा."

"आबा, तिनं सोडला नव्हता. तिच्याकडं तेवढाच होता."

हात खाली आला. पुढचं सगळं ऐकलं. संपल्यावर भिंतीकडं तोंड करून निजले. जेवले नाहीत. कपिलचं ऐकायला हवं होतं का?

७ मार्च

आज बटणं लावताना – "तिचं नाव काय म्हनालीस?"

"भिकी."

"भिकी," असं दोनदा म्हणाले. मग – "त्यो पोरगा म्हंजी आमचा आज्जाच की गं! गोंदनाक. दुसरा कोन? ती आपली आई हाय. शंभर वर्सं आपुन तिला सनद सनद म्हनत बसलो."

मलाही तसंच वाटतंय. पण वाटून उपयोग नाही. पत्रांत पोराचं नाव कुठंच नाही – नुसतं पोर, पोरगा. बघायला हवं कुठंतरी.

२० मार्च, सोमवार

रजा टाकून तालुक्याच्या कचेरीत गेले. गावचं जुनं कोतवाल बुक मागितलं – जन्ममृत्यूच्या नोंदी असतात ते. तिथले नानासो म्हणून शिपाई, निवृत्तीला आलेले. "बाई, मोडी हाय समदं. वाचनार कोन?" म्हटलं, मी. आवं म्हणत बघतच राहिले.

सकाळपासून दुपारी चारपर्यंत. डोळ्यांत नुसती धूळ. १८८९ च्या पानावर बोट थांबलं – येसनाक वल्द धाकनाक, मयत. खबर देणार मुलगा गोंदनाक, वय सत्तावीस.

वहीच्या कोपऱ्यात गणित केलं. एकोणनव्वदमधून सत्तावीस गेले, बासष्ट. पत्रातलं पोर सहासष्टला चार वर्षांचं – म्हणजे जन्म बासष्टचाच!

नानासोंना मोठ्यानं सांगितलं, "माझा पणजा सापडला!" त्यांनी चहा मागवला. "लय शोधताय, मिळाला ते बरं झालं."

आबांना सांगितलं तर नुसते हसले. "मी म्हनलं न्हवतं का?" नीट जेवले आज, पुष्कळ दिवसांनी.

१४ एप्रिल, शुक्रवार

जयंतीला मलकापूरला गेलो. आबांचा हट्ट. रिक्षातून विहारापर्यंत, मग कपिलच्या खांद्यावर हात टाकून. पांढरा शर्ट, छातीवर पदकं.

भाषणं झाल्यावर म्हणाले, मला दोन शब्द बोलायचेत. मला वाटलं नेहमीचं काही बोलतील. माईक धरवत नव्हता, कपिलनं धरला.

"आमच्या घरात सनद हाय म्हणून तुमी मला मान दिला. सनद न्हाई. कवाच नव्हती. आमच्याकडं आमच्या आईची पत्रं हायती. समुद्राकाठची बाई. दुसरं घर क्येलेल्या नवऱ्याकडं तिनं पोटचं पोरगं धाडलं, जगावं म्हणून. त्या पोराचं आमी. ह्येच्याम्होरं सनद काय करायची?"

मग मागून म्हाताऱ्या आक्काताई उठल्या – वस्तीत सगळ्यांत थोरल्या – आणि आबांना म्हणाल्या, "धोंडिराम, आता आलास बग मानसांत." टाळ्या वाजल्या.

कपिल मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, चुकलंच माझं." एवढंच. त्यालाही पुरे, मलाही.

२३ एप्रिल, रविवार

आबांना आता तिचं गाव हवंय. कुणी उरलंय का तिथं, भिकीच्या मागं काय झालं. पत्रात चिपळूण स्पष्ट आहे, पण गावाचं नाव एकदाच, तेही अर्धं पुसलेलं. कुडवळे, कुंडवळ की कुडवली – लीलाबाईही खात्री देईनात. "मोडीत अनुस्वार देतंय कोण!"

तिन्ही नावांनी ग्रामपंचायतीला पोस्टकार्डं टाकली. लिहिलं – आपल्या बौद्धवाडीत भिकी नावाच्या बाईची, किंवा घाटावर गेलेल्या येसनाक या शिपायाची कुणास माहिती असल्यास कळवावे.

हात दुखतोय. ऑफिसात टायपिंग, घरी हे.

९ मे

एक कार्ड परत आलं. असं गाव नाही.

२१ मे

दुसऱ्याचं उत्तर – अशी माहिती इथं कुणास नाही. आबा रोज पोस्टमनची वाट बघतात. उकाडा सोसवत नाही. ऑफिसात पंखा बंद. लीलाबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, बघायलासुद्धा जाणं झालं नाही माझ्याच्यानं. इतकी दमलेय की आता उत्तर नाही आलं तरी चालेल असं वाटतं.

१० जून, शनिवार

कुडवळ्याहून कार्ड आलं. निवृत्त शिक्षक, नाथाजी नाव.

"सप्रेम जयभीम. भिकी माझी पणजी. तिचा मुलगा म्हणजे माझे आजोबा. ते लहानपणी घाटावर बापाकडे गेले होते. तिथे दुसरी बायको व तिचा मुलगा होता. बापाने पत्र घेतले व आजोबांना दारातूनच परत लावले. ते दोन महिन्यांनी एकटे चालत घरी आले. आम्ही सर्व त्यांचेच. आपण कोण, हे पत्रावरून समजले नाही. कृपया कळवावे."

तीनदा वाचलं. म्हणजे गोंदनाक तो पोरगा नव्हेच, दुसरीचा. सत्तावीस हा कुणा कारकुनाचा अंदाज. भिकी आमची कुणी नाही. आम्ही दाराच्या आतले.

आबा खाटेवरून – "कुटलं आलं? वाच की."

वाचलं. जसं होतं तसं. त्यांनी परत वाचायला लावलं. मग कितीतरी वेळ उजव्या हातानं डावा हात चोळत बसले.

मी म्हटलं, "आबा, काय लिहू त्यांना?"

"लिवू नगं. आमी कोन म्हणून इचारलंय न्हवं? त्ये जाऊन तोंडानं सांगावं लागंल. चिपळूनची एस्टी बघ."

कराडहून सकाळी सातला आहे.