म्हशीसाठी काढलेली साडी

मंगळवार, संध्याकाळ

ही वारल्यापासून म्हैस पान्हवत नव्हती. मुलगा तिला विकायला निघाला होता. सून म्हणाली, "बाबा, मायनी साडी द्या. ती नेसीसन धार काढी देखस."

हिची पेटी मी उघडली नव्हती. आज उघडली, हिरवी साडी दिली. म्हशीने पदर हुंगला आणि बादलीत धार वाजू लागली.

मुलगा हसला. "फसनी रे म्हैस!"

फसली का, ते कळत नाही. सुनेचा हात तिला ओळखू आला नसेल? की साडीच पुरली? पाठमोरी हिरवी साडी बघून मीही हाक मारणार होतो.

आता म्हैस विकायची नाही असं ठरलं. साडी पेटीत ठेवायला नेली होती. सकाळी पुन्हा लागेल म्हणून गोठ्यातल्या खुंटीला अडकवून आलो.