काळ्या चाकांवरची पांढरी रेघ

आबा,

तुमच्या नातीनं परवा नवी मोटरसायकल घेतली, काळ्या रंगाच्या चाकांची. बारामतीहून घरी आल्या आल्या तिनं तापलेल्या चाकावर पाण्याची नळी धरली आणि मी स्वयंपाकघरातून ओरडले, "आगं, गार हू दे की आधी!" ती चमकून माझ्याकडं बघायला लागली. शब्द तुमचे होते, सूरसुद्धा तुमचाच. तेव्हापासून तुम्हाला लिहावंसं वाटतंय.

वडगाव निंबाळकरहून लग्न होऊन मी पिंपळीला आले, त्याला महिनाच झाला होता, तेव्हाची ही गोष्ट. नव्वद साल नुकतंच उलटलेलं. तुमचे वडील जन्मभर मेंढरांमागं हिंडले. तुम्ही दूध संघात जनावरांना लस टोचायच्या कामाला लागलात आणि त्या कामापायीच मोटरसायकल घेतलीत. आपल्याकडच्या खारवट पाण्यानं चाकांची चकाकी खाल्ली, तेव्हा इंदापूरच्या ट्रॉल्या रंगवणाऱ्या पेंटरकडून तुम्ही दोन्ही रिम काळ्या करून आणल्या होत्या, वर बारीक पांढरी रेघ मारून. मला तेव्हा यातलं काही ठाऊक नव्हतं. तुम्ही एसटीनं बारामतीला गेलेले, गाडी अंगणात चिखलानं माखलेली. सासऱ्यांसाठी काहीतरी करावं म्हणून मी राख आणि काथ्या घेते आणि पातेली घासावीत तशी चाकं घासते. चिखल जातो. रेघही जाते, आणि काळ्या रंगाखालचं लोखंड जागोजाग दिसायला लागतं.

तुम्ही आलात आणि वाकून बघितलंत. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, दारातूनच म्हणाल्या, "झालं! नर्स शिकून आलीया आन् साधं चाक धुता येईना." मी पदराचं टोक पिळत उभी होते. तुम्ही आवाज चढवला नाही. नुसतं विचारलंत, "पोरी, लेकराची जखम अशीच घासतीस व्हय गं?" ते बोलणं मला अजून लागतं. मी मान हलवली. "न्हाय ना? मग बस हितं."

तुम्ही पॉलिश पेपर आणि रंगाचे डबे आणलेत. उघडं पडलेलं लोखंड आपण दोघांनी घासलं, पुसलं, आधी अस्तराचा हात दिला, मग काळा. रेघ मारायला ब्रश माझ्या हातात दिलात. माझी रेघ नागमोडी आली. तुम्ही चाक फिरवून बघितलंत आणि म्हणालात, "ऱ्हाऊ दे, वळखू यील." रंग वाळेपर्यंत दोन दिवस तुम्ही कामावर पायी गेलात.

मग धुणं शिकवलंत. आधी चाक गार होऊ द्यायचं. मग नुसतं पाणी ओतून माती भिजवायची. कोरडी माती पुसायची नाही, तिच्यातली वाळूच रंग ओरबाडते. पाणी पाटाचं, बोअरचं नाही, त्याचे पांढरे डाग राहतात. शाम्पूची पुडी, जुन्या बनियनचा तुकडा, तारांच्या फटींसाठी दातांचा जुना ब्रश. चेनच्या ग्रीसला रॉकेल, पण त्याचा थेंब रंगावर पडू द्यायचा नाही. कोरडं पुसून झालं की मेणाचं पॉलिश अगदी पातळ लावायचं आणि धुरकट दिसायला लागलं की फडक्यानं काढायचं. "टायरला मेण लागू दिऊ नकं," तुम्ही म्हणालात, "न्हायतर चाक सरकंल आन् तू बी सरकशील."

"मी कशाला सरकतीया? गाडी तर तुमी चालवताय."

तुम्ही हसलात आणि फडकं पिळून दोरीवर टाकलंत.

पुढं माझ्या नोकरीचा हुकूम आला. इंदापूर तालुक्यातल्या एका वाडीवर, आठ दिवसांत हजर व्हायचं. तिथवर एसटी जात नव्हती. तुमच्या लेकाची कारखान्यात पाळी. ते म्हणाले, "रोज सोडायचं कुणी? सोड नाद." त्या रात्री मी सर्टिफिकेटं पुन्हा बांधून ठेवली. तीन वर्षं शिकलेलं सगळं ट्रंकेत राहणार, असंच मी धरून चालले होते. सकाळी तुम्ही चहा पिता पिता म्हणालात, "कुणी सोडायचं न्हाय. ती तिची जाईल. गाडी हाय की. मी जाईन पायी."

"आन् पडली म्हंजी?" आत्याबाई.

"मी बी पडलोय. उठलो की न्हाय?"

माळावर तुम्ही मला शिकवलंत. मी चार वेळा पडले, किक मारून पोटरी सुजली. हजर व्हायच्या दिवशी पांढरी साडी खोचून मी गाडीवर बसले आणि तुम्ही, माझे सासरे, धोतर सावरत मागं बसलात. फाट्यावरच्या चहाच्या टपरीतून कुणीतरी ओरडलं, "आबा, सून चालीवतीया व्हय?" तुम्ही मागूनच उत्तर दिलंत, "व्हय! माज्यापरास बरी चालीवती." तोवर गाडी डगमगत होती, त्या बोलण्यानं सरळ झाली. वाडीच्या अलीकडं तुम्ही खांद्यावर हात ठेवून गाडी थांबवायला लावलीत, उतरलात. "आता तुजी तू जा," म्हणालात आणि रस्त्याला लागलात. मी आरशात तुम्हाला लहान होत जाताना बघत होते.

त्या वाडीवर मी अकरा वर्षं लस टोचली, बाळंतपणं केली. गाडीचा आवाज आला की बाया लेकरं काखेत घेऊन बाहेर यायच्या. तिथली एक पोरगी माझ्याच हातावर जन्मली होती, ती आता स्वतः नर्स आहे. मागच्या महिन्यात भेटायला आली होती.

हे पत्र मी घडी करून कपाटात ठेवणार आहे; दुसरं काय करायचं ते मला सुचत नाही. पण एक गोष्ट सांगायची राहिली. शेवटच्या वर्षी तुमचे डोळे गेले होते. मी संध्याकाळी थकून यायची आणि तुम्ही खाटेवरून विचारायचात, "चाकं धुतली का गं?" मी म्हणायची, "व्हय आबा." मग तुम्ही काठी टेकत गाडीजवळ यायचात, रिमवरून बोटं फिरवायचात, बोटांना लागलेली माती धोतराला पुसायचात आणि म्हणायचात, "चांगली निगालीत." धुतली नव्हती, आबा. एकदाही नाही.