निळे अंगठे

१७ जानेवारी १९७२, सोमवार

जन्मठेप!

आकाराम पिंजऱ्यात उभा होता. निकाल ऐकल्यावर त्याने टोपी काढली, झटकली आणि पुन्हा घातली. एवढंच. बायकोचा — हौसाबाईचा — गळा दाबून तिला घरामागच्या आडात टाकल्याबद्दल जन्मठेप.

निकालात माझं पत्र सबंध वाचलं गेलं. माझं म्हणजे हौसाबाईचं. तिला लिहिता येत नव्हतं. गल्लीत बी. ए. झालेली मी एकटी, म्हणून मरायच्या आधी नऊ दिवस ती माझ्याकडे आली आणि नेसरीच्या भावाला पत्र लिहून घेतलं. 'माझ्या जिवाला नवऱ्याकडून धोका आहे, येऊन घेऊन जा.' भावाची ऊसतोड चालू होती, तो आला नाही. पण पत्र त्याने जपून ठेवलं. सरकारी वकील म्हणाले, हे एक वाक्य नसतं तर पाय घसरून पडली म्हणून सगळं मिटलं असतं. सासूने आणि थोरल्या दिराने — केरबाने — तेच सांगितलं होतं. अर्ध्या गल्लीनेही.

आबा मला नेहमी विचारतात, शिकून काय उजेड पाडलास? आज विचारलं नाही.

१८ जानेवारी

पेपरात 'धाडसी पदवीधर तरुणी'! नाव शालनचं शालिनी करून टाकलंय. तरी आबांनी पेपरची घडी घालून देवामागे ठेवला.

गल्लीत दोन तट. तालमीच्या कट्ट्यावर एकजण म्हणत होता, एक बाई मेली, एक गडी आत गेला, घर बसलं, बीएबाईचं काय गेलं? दुसऱ्याला फाशीच हवी होती. म्हशी पिळणारा बाळासो मला बघून म्हणाला, "जरा जपून बोला रं. ती लिवून घेती." सगळे हसले. पण हसून झाल्यावर गप्प झाले, आणि मी कोपऱ्यावरून वळेपर्यंत गप्पच राहिले.

हौसाबाईची सासू दारात बसलेली. मला बघून तिने पदर पुढे ओढला. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

२१ जानेवारी, शुक्रवार

संक्रांतीचं हळदीकुंकू अजून चालू आहे, त्यामुळे कोण कुणाकडे गेलं याची चौकशी होत नाही. दुपारी शेजारची चिमणाबाई आली. कुंकू लावलं, तीळगूळ दिला, बसली. मग म्हणाली, "माझं एक लिवून ठेव."

मला वाटलं पत्र.

"पत्र न्हवं. नुसतं लिवून ठेव. मला पवायला येतंय. म्हायेरात हिरीत उड्या टाकत वाढलोय मी. आडात पडून मरायची न्हाय. तेवढं लिव."

मला हसू आलं. ती हसली नाही. कुणाची भीती वाटते म्हणून विचारलं. तिने सरळ सांगितलं — "जोतीरामची." नवऱ्याचं नाव! उखाणा नाही, काही नाही, आणि एकेरी! लग्न होऊन आली तेव्हापासून शेजारी राहते. तिच्या तोंडून ते नाव आज पहिल्यांदा ऐकलं.

कोऱ्या वहीत लिहिलं, तारीख घातली. शाळेतलं शिक्क्याचं पॅड घरी होतं, डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला. अंगठा उलटसुलट बघत म्हणाली, आता झोप लागेल.

२६ जानेवारी

झेंडावंदनानंतर शाळेत माझा सत्कार. बदली शिक्षिका मी — एरवी मागच्या बाकावर. आज पुढे खुर्ची! मोठ्या बाईंनी नारळ दिला. मी लेखणीवर बोलले. मुक्या माणसाला वाचा देणं हेच शिकलेल्याचं काम, असं म्हणाले. आवाज जराही कापला नाही.

घरी आले तर ओट्यावर तीन बायका वाट बघत बसलेल्या.

३० जानेवारी, रविवार

वहीत अकराजणी झाल्या. शिंप्याची कुलसुमभाभी पण येऊन गेली. प्रत्येकीचं सांगणं वेगळं. एक म्हणाली, स्टोव्ह पेटवताना मी पदर खोचते, कधीच विसरत नाही. दुसरीने सांगितलं, मला फेफरं येत नाही, येतं म्हणून कुणी सांगितलं तर खोटं समजा. कुलसुमभाभी — उंदराचं औषध आमच्या घरात आणत नाहीत, मांजर आहे. मांजराचं नावही लिहायला लावलं.

स्वतःच्या मरणाबद्दल इतक्या शांतपणे! बाजारातून काय काय आणलं ते सांगावं तसं. कुणी रडत नाही. लिहून झालं की तांब्याभर पाणी मागतात, पितात, जातात.

'कुणाकडून' विचारलं की मात्र बहुतेकजणी गप्प होतात, जमिनीकडे बघतात. चिमणाबाईसारखी एखादीच. बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत हे मला काय नवीन आहे? मी आपली लिहिते — 'नवऱ्याकडून'.

४ फेब्रुवारी

सकाळी नळावर. हंड्यांच्या काठावर धरलेले डावे अंगठे — निळे. एकापुढे एक, सगळी रांगच निळी. ही शाई दोन दिवसांत जायला हवी. चार दिवस, आठ दिवस झाले तरी तशीच आहे. आणि माझ्या वहीत सोळाच बायका आहेत, इथे तर जिकडे बघावं तिकडे निळं!

चिमणाबाईने हळूच सांगितलं, "कपड्याची नीळ लावत्यात गं. वहीत ठसा हाय का न्हाय, गड्यास्नी काय कळतंय?"

एकीच्या कडेवरच्या पोरीचाही अंगठा निळा होता. दोन वर्षांची असेल.

७ फेब्रुवारी, सोमवार

गल्ली शांत झाली आहे. पूर्वी दिवे लागले की कुठल्या घरात काय चाललंय ते आवाजावरून कळायचं. भांडं पडलं, शिवी आली, दार आपटलं, मग ते रडणं. पाठ असल्यासारखं. आता नुसते भाकरी थापल्याचे आवाज. पुरुष दारात चपला हळू काढून ठेवतात. जोतीराम — तो जोतीराम! — मला वाकून नमस्कार करतो आणि 'बाई' म्हणतो.

एका वहीने हे केलं. मी केलं! आनंद होतोय. पण संध्याकाळी ओट्यावर बसवत नाही. एवढी शांतता मी फक्त मयताच्या घरी ऐकली आहे.

दुपारी बाळासो आला. चेष्टा करायला आला असेल असं वाटलं, पण घाम फुटला होता त्याला. म्हणाला, "माझं बी लिवा. मी दुधात पाणी घालतो, खोटं कशाला बोलू, पण बायकूवर हात टाकला न्हाय कधी. तिनं अंगठा निळा केल्यापासनं मी जेवताना नुसती बघत बसती. हसती बी जरा. उद्या मला काय झालं म्हंजे?" मी त्याला परत पाठवलं. पुरुषाचं कशाला लिहायचं? नंतर वाटलं — का नाही?

१० फेब्रुवारी

तानाबाई आज पुन्हा आली. मागल्या आठवड्यात तिचं लिहिलं होतं. म्हणाली, एकदा वाचून दाखव, मला पाठ करायचंय. वाचलं. 'नवऱ्याकडून'वर तिने मला थांबवलं.

"नवरा? मी कवा म्हटलं नवरा?"

मी म्हटलं, तू गप्प बसलीस, म्हणून.

"मालक देवमाणूस हाय गं माझा. सासरा. सासऱ्याची भीती."

मग त्या दिवशी सांगितलं का नाहीस? तर म्हणाली, "सांगणार कसं? तुझा आबा उंबऱ्यात बसलावता. दोघं गुळाच्या अडतीत एका काट्यावर काम करत्यात. तितनं सासऱ्याच्या कानावर गेलं असतं, मग?"

खोडलं. 'सासऱ्याकडून' लिहिलं. अक्षर माझं वाटेना.

१३ फेब्रुवारी, रविवार

आता खरं लिहिते. इथे तरी.

त्या दुपारी हौसाबाई आमच्या स्वयंपाकघरात बसली होती. सांगत होती — दादा, ह्या घरात माझं काही खरं नाही, मला घेऊन जा. एवढं तिने सांगितलं. मी विचारलं, कुणाकडून धोका? ती गप्प. जमिनीकडे बघत राहिली. खिडकी उघडी होती. खिडकीपलीकडे तिची सासू वाळवण राखत बसलेली, केरबा बाजेवर. दोघांनाही आमचं बोलणं ऐकू जात असणार. मला तेव्हा हे सुचलंच नाही. मग सासूची हाक आली आणि हौसाबाई उठून गेली. जाताना एवढंच म्हणाली, टाक पेटीत.

ती गेल्यावर मी वाक्य पुरं केलं. बायको गप्प बसते ती नवऱ्याच्या नावाला — म्हणून 'नवऱ्याकडून'. 'जिवाला धोका' हेही माझंच. चांगल्या मराठीत बसवलं. वाचून बघितलं आणि स्वतःवर खूश झाले!

कोर्टात विचारलं, पत्र तिला वाचून दाखवलं होतं का? मी म्हणाले, हो. शपथेवर. मला वाटलं, बारीकसारीक गोष्ट आहे, हिच्यापायी गुन्हेगार सुटायला नको.

त्यानेच केलं असेल. केलं नसेल. मला माहीत नाही — आणि जज्जसाहेबांना वाटतं, मला माहीत आहे.

१५ फेब्रुवारी

आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. थांबली नाही. थापून झाली, तव्यावर टाकली, मग बोलली.

"गप बस."

मी म्हटलं, एक माणूस जन्मभर आत जातोय.

"आणि सोळाजणी निवांत जेवत्यात. तू न सांगितलेलं लिवतीस असं कळलं की तुझ्या वहीची रद्दी झाली. मग त्यांचं काय हुईल ते बी लिवशील?"

आईच्या डाव्या अंगठ्याला पीठ लागलं होतं. तिने ते पुसलं. खाली निळं होतं.

आबा हात धुऊन पाटावर येऊन बसले.

१६ फेब्रुवारी

दोघी आल्या होत्या. डोकं दुखतंय म्हणून परत पाठवल्या.

१९ फेब्रुवारी, शनिवार

हौसाबाईची सासू नळावर भेटली. मी तिचा हंडा भरून दिला. धीर करून विचारलं, आकारामचं काही पत्र? ती म्हणाली, येतं, पण वाचायला कोण आहे. मग "तू वाचशील?" म्हणाली. चेष्टा नव्हती. राग नव्हता. काहीच नव्हतं त्या आवाजात.

वाचलं. बायकोबद्दल एक ओळ होती — 'आडावर झाकण घाला, मी आल्यावर मला ते बघवणार नाही.' ह्याचा अर्थ काय? पश्चात्ताप, की निर्दोष माणसाचं दुःख? तीनदा वाचलं. दोन्ही लागू पडतात. मी मागे एकदा असाच अर्थ लावला होता. आता लावणार नाही.

२१ फेब्रुवारी, सोमवार

शाळेतून परस्पर आकारामच्या वकिलांकडे गेले. मुंबईला अपील करायची मुदत अजून आहे. सगळं सांगितलं — हाक, खिडकी, मागाहून पुरं केलेलं वाक्य, खोटा 'हो'. ते लिहून घेत होते. माझ्यावर खटला होऊ शकतो म्हणाले. होऊ दे म्हटलं. हलकं वाटलं! कितीतरी दिवसांनी.

त्यांनी विचारलं, असं आणखी कुणाचं लिहून दिलंय? मी वही बरोबर नेली होती. तानाबाईचं खोडलेलं पान दाखवायला — माझ्या हातून चूक कशी होते ते त्यांना कळावं म्हणून. त्यांनी दोन-चार पानं चाळली. ठसे बघितले. फार चांगल्या माणसासारखे हसले. म्हणाले, तुम्ही प्रामाणिक आहात, असे साक्षीदार मिळत नाहीत. वही राहू द्या इथे दोन दिवस.

ठेवून आले.

२३ फेब्रुवारी, बुधवार

सकाळपासून वकिलांचा कारकून तालमीच्या कट्ट्यावर बसलाय, मांडीवर वही. एकेका पुरुषाला नावाने बोलावतो, त्याच्या घरातलं पान मोठ्याने वाचून दाखवतो, आणि 'हे खोटं आहे' असं लिहिलेल्या कागदावर सही घेतो — मी न सांगितलेलंच लिहिते, हे मुंबईच्या कोर्टाला दाखवायला. मी वही मागायला गेले तर म्हणाला, साहेबांना विचारा. घरांची दारं सगळी लावलेली आहेत. एकाही बाईचा आवाज नाही.

आता जोतीरामला हाक मारली.