खिडकीतली कुंडी

प्रिय वहिनी,

पत्र घरी न पाठवता तू पोहायला शिकवतेस त्या तलावावर पाठवते आहे, म्हणून दचकू नकोस. तिथल्या ऑफिसातल्या बाईंना सांगून ठेवलंय की तुझ्याच हातात द्या. नणंदेचं पत्र म्हटल्यावर तू आधी खुर्ची ओढून बसशील, ते बरंच. पण उखाळ्यापाखाळ्या काढायला मी लिहीत नाहीये. भाजी खारट झाली होती, हे मी तोंडावर सांगून मोकळी झालेच आहे.

दादाबद्दल लोक म्हणतात ते खरंच आहे. इतक्या हलक्या हाताचा दातांचा डॉक्टर दुसरा मिळणार नाही. पेशंटने 'आई गं' म्हणायच्या आत त्याचा हात थांबतो. कुठे दुखतं हे त्याला सांगावं लागत नाही. लहानपणीही तसंच. आईला कशाचं वाईट वाटलंय, बाबांचं कामावर काय बिनसलंय, हे त्याला दारातच कळायचं. आणि त्याला स्वतःलाही तसंच लागायचं, पटकन आणि खोल. ते नाटक नव्हतं, वहिनी. कुणी आवाज चढवला तर त्याचा घास खरोखर घशात अडकायचा. हळवं आहे गं माझं लेकरू, जपायला हवं, असं आई म्हणायची. मग आम्ही सगळे जपायला लागलो.

स्वयंपाकघराच्या खिडकीत एक कुंडी होती. दादाचं बिनसलं की ती कोपऱ्यात सरकवायचं काम माझं. बाबा कामावरून येताना खालूनच बघायचे आणि कुंडी कोपऱ्यात दिसली की आणखी एक चक्कर मारून यायचे. शेजारच्या आजोबांना वाटायचं, यांना डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. आम्ही त्यावर हसायचो, तोंडावर हात ठेवून. आईचं हसणं तर चार घरं पलीकडे ऐकू जायचं. हळूहळू ती हसण्याआधी दादाकडे बघायला लागली, आणि मग हसायचंच राहून गेलं.

एकदा मी त्याच्या नव्या चष्म्याला हसले. पुढे माझ्या वाढदिवसाला मैत्रिणी जमल्या, तेव्हा माझ्या डोक्यावरून हात फिरवत त्याने त्यांना सांगितलं की हिला चिडवू नका, ही अजून अंथरूण ओलं करते म्हणून बिचारी घाबरून असते. आवाज इतका मऊ की आईला त्यात कौतुकच दिसलं. दादाने कधी कुणावर हात उगारला नाही. त्याला तशी गरजच पडली नाही. कुठे दुखतं हे ज्याला न सांगता कळतं, त्याला कुठे दाबायचं हेही कळतं.

परवा रविवारी तू त्याच्या टकलावरून चेष्टा केलीस. सगळे हसले, तोही हसला. थोड्या वेळाने, पाहुण्यांसमोर, अगदी काळजीने त्याने तुला विचारलं की बुडता बुडता वाचलेली ती तुझी विद्यार्थिनी अजून स्वप्नात येते का. ती गोष्ट तू फक्त त्याला सांगितली होतीस, हे तुझ्या चेहऱ्यावरून दिसलं. तू पाणी आणायला म्हणून उठलीस. भरलेल्या बाटल्या टेबलावरच होत्या.

मी त्याचीच बहीण, मलाही त्याच्याइतकंच लागतं. फक्त लागलं की तो दुसऱ्याला दुखावतो, आणि मी अजून कुंडी सरकवायला धावते. कुणाच्या कपाळावर आठी दिसली की आजही माझे हात काहीतरी आवरायला लागतात. लागणं त्याच्या हातात नाही, हे मला मान्य आहे. त्यानंतरचं सगळं मात्र त्याच्या हातात असतं.

इथला गोंगाट त्याला सोसत नाही म्हणून तुम्ही पुढच्या महिन्यात त्या डोंगरातल्या गावी जाणार. तू राजीनामा लिहून ठेवलायस, असं तो मोठ्या आनंदाने सांगत होता. तिथे पोहायचा तलाव नाही, हे त्याने तुला सांगितलंय का? ओळखीचं माणूसही नाही.

काल मी तुमच्याकडे यायला निघाले आणि तुझा मेसेज आला. आधी मिस्ड कॉल दे, मी परत केला तर ये, नाहीतर खालूनच जरा फिरून ये. पुढे एक हसरा चेहरा. मी जिन्यातच बसले. कुंडीबद्दल मी तुला कधी बोलले नव्हते. ती तुझी तूच शोधून काढलीस, म्हणून हे पत्र. राजीनामा देऊ नकोस. माझ्या मागच्या खोलीत तुझ्यासाठी पलंग लावून ठेवलाय. मिस्ड कॉल न देता ये, तुझी ती कानठळ्या बसवणारी शिट्टी घेऊन ये. पत्र तिथेच लॉकरमध्ये ठेव. आणि वाचून झाल्यावर लगेच घरी जाऊ नकोस. थोडं पोहून घे, चेहरा निवू दे. त्याला दारातच कळतं.

तुझीच,
नणंद