साबणात हळद

आई, साबणाला रंग कोणता द्यायचा, यात माझे बरेच दिवस गेले. तू असतीस तर म्हणाली असतीस, अंगाला लावायचाय की भिंतीला? हे गेल्यापासून वारजेच्या फ्लॅटमध्ये मी एकटीच असते. वेळ जावा म्हणून साबण करायला शिकले. आधी बीट घातलं. गुलाबी होईल वाटलं होतं, झाला मातकट. बुधवार पेठेत रंगाची चौकशी केली, तर दुकानदार म्हणाला, "बिटाची कोशिंबीर करा, मावशी. साबणाला तयार रंग घ्या." त्यानं चमचमणाऱ्या भुकट्यांच्या बरण्या पुढे सरकवल्या. मी काही न घेता परत आले.

मग गेल्या महिन्यात तेलात हळद कालवली. त्यात कॉस्टिक सोड्याचं पाणी ओतलं आणि पिवळं तेल बघता बघता लाल होत गेलं. मी पातेल्यावर वाकलेली, आणि एकदम तू स्वयंपाकाला जायचीस त्या खानावळीतल्या मोरीपाशी उभी आहे. शाळा सुटली की मी तिथंच यायचे. विद्यार्थ्यांची जेवणं उरकून तू हात धुते आहेस, आणि तुझ्या बोटांवरून लाल फेस ओघळतो आहे. मला वाटतं, रक्त. मी रडायला लागते. "रडतेस काय? हळद आहे ती. साबण लागला की लाल होते," तू म्हणतेस, आणि माझे हात ओढून त्यांनाही चिमूटभर हळद चोळतेस, वर साबण. आतून मालकीणबाई हाक मारेपर्यंत आपण दोघी लाल हातांनी हसत राहतो. कामाच्या जागी तुला हसताना मी तेवढंच पाहिलं.

पातेल्याकडे बघून माझ्या तोंडून "बघ ना" निघालं. घरात कोणी नव्हतं.

वड्या सुकल्या तशी लाली उतरली, पिकल्या पपईसारखा रंग आला. रविवारी सोसायटीत स्टॉल होते, तिथं मांडल्या. वरच्या मजल्यावरची आयटीतली मुलगी एक वडी हुंगत म्हणाली, "काकू, कलर मस्त आलाय. कुणाकडून शिकलात?"

"आईकडून."

"त्या अजून करतात?"

"करते ना. आज जरा पडली आहे घरी."

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार? राहील इथंच. पण एक सांगते. खोटं बोलल्याचं मला काही वाटलं नाही, आणि स्टॉल आवरल्यावर मी जरा घाईनंच जिना चढले.