आखजीची काटी

मु. पो. अनसिंग, ता. वाशीम, जि. अकोला
ता. ७ एप्रिल १९७४

प्रिय बापू,

सप्रेम नमस्कार. वर ‘श्री’ घातलेली नाही आणि कागदाचा एक कोपरा फाटका आहे, त्यावर जाऊ नकोस. म्हाताऱ्याचा हात आहे, आणि पोस्टवालेही कागद काही जपून वागवत नाहीत. पत्र तुझ्या हाती पडलं म्हणजे झालं.

इकडचं म्हणशील तर काल हनुमान जयंती झाली. ऊन आत्तापासूनच डोक्यात शिरतं. दुष्काळात तळ दाखवणाऱ्या आपल्या मळ्यातल्या विहिरीला यंदा पाणी टिकून आहे. कांदा काढून झाला, वांगी शेवटाला आलीत. मी सकाळी वाफे भिजवतो आणि मग निघतो पाय नेतील तिकडे. चालता चालता आपल्या शाळेतल्या कविता म्हणतो. सहावीच्या पुस्तकातली ती नदीची कविता मला अजून सबंध येते. तुला येते का रे? अमरावतीत हेडमास्तरकी करून इतकी वर्षं पोरांना शिकवलंस, म्हणजे येत असेल. शिकवलेलं विसरतं म्हणतात, म्हणून विचारलं.

तुझं फेब्रुवारीतलं पत्र मिळालं होतं. उत्तराला उशीर झाला. झाला कशाला म्हणू, केला. पत्राच्या शेवटी तू ‘सौ. वहिनींस नमस्कार’ लिहिलास. तो अजून पोचता केलेला नाही. करीन.

त्या पत्रात तू एक इंग्रजी शब्द घातलास. ‘भगवंता, माझ्या शेतातून तुझं ते चालणं म्हणजे नुसतं ड्रिफ्ट. त्याला काही वाट म्हणत नाहीत.’ वाचून हसू आलं. वाशीमच्या शाळेतही तू मला हेच म्हणायचास. मी खिडकीतून घारी बघत बसलो की मास्तरांआधी तुझा आवाज यायचा, ‘सर, भगवंत ड्रिफ्टला!’ सगळा वर्ग खिदळायचा. त्याचा राग नाही. स्नेहसंमेलनात माझी कविता तू आपल्या नावावर म्हटलीस आणि बक्षिसाचा पितळी पेला घरी नेलास, त्याचाही राग नाही. कविता तुला आठवत नसेल. दोनच ओळी होत्या त्यात चांगल्या:

सरळ जो चालतो, त्यास भेटे गाव;
वळणे जो घेतो, त्यास भेटे ठाव.

चौदाव्या वर्षी लिहिल्या होत्या. आता वाटतं, बऱ्या होत्या.

तर तो शब्द. आपल्या दोघांत मिळून एक डिक्शनरी होती, आठवते? शाळा सुटल्यावर ती माझ्याकडेच राहिली. तिचा पुठ्ठा उंदरांनी खाल्ला, पण ‘डी’ शाबूत आहे. काढून बघितली. पाण्याबरोबर वाहत जाणं, हा झाला तुझा अर्थ. पण त्याच्याखाली आणखी किती! वाऱ्यानं लोटून साचलेला ढीग, हाही ड्रिफ्टच. बोलण्याचा रोख, तोही. गुरं हाकत नेणं, तेही. मला गंमत वाटली. हळूहळू, कुणाच्या नकळत साचत गेलेल्या गोष्टीलासुद्धा साहेबानं हाच शब्द ठेवला. तू मास्तर असून पहिल्या अर्थाशीच थांबलास.

आता मुद्द्यावर येतो. येऊन राहिलो आहे, घाई करू नकोस.

तू सोबत एक कागद टाइप करून पाठवलास. त्यावर मी सही करायची, की दर आखजीला बापूरावांच्या वतीनं मी शेतातल्या वाटेवर काटी टाकत होतो, आणि लोक चालत होते ते बापूरावांच्या मेहेरबानीनं. तुझे वडील भिवाजीकाका हे व्रतासारखं करायचे. अक्षय्य तृतीयेला पहाटे आंघोळ करून बाभळीची एक फांदी वाटेवर आडवी टाकायची, दिवसभर कुणाला जाऊ द्यायचं नाही, संध्याकाळी काढून घ्यायची. मला म्हणायचे, ‘भगवंता, वाट देनं येगळं आन वाट असनं येगळं. सालातून एक डाव काटी पडली का वाट आपन देल्ली राह्यते. नाई पडली का ते लोकाइची झाली.’ काका कधी चुकले नाहीत. ताप असला तरी पोराच्या खांद्यावर हात ठेवून यायचे.

ते गेले स्वातंत्र्यानंतरच्या साली. तेराव्याला तू आलास आणि अमरावतीची गाडी गाठायच्या घाईत मला म्हणालास, ‘तू दिवसभर ड्रिफ्टतच असतोस. आखजीला तेवढी काटी टाकत जा.’ आठवतं ना? वर्षातलं एकच काम नेमानं करायचं होतं, आणि ते तू सोपवलंस मला! बापू, हा तुझा आयुष्यातला एकमेव विनोद, ज्यावर मी पोट धरून हसलो आहे. आत्ता. तेव्हा नाही.

तेव्हा मी पहिल्या आखजीला काटी टाकली. खरंच टाकली. तासाभरानं बघतो तर फांदी बांधाच्या पलीकडे, आणि तुझी वहिनी डोईवर हंडा घेऊन वाटेनं ऐटीत येऊन राहिलेली. पाठीमागं बौद्धवाड्यातल्या चार-सहा जणी. त्यात देवमनची नवी नवरी लिलाबाई. ओलेत्यानं सगळ्या हसत होत्या.

मी म्हटलं, ‘हौसा, अवं ते बापूची काटी व्हती.’

म्हणाली, ‘बापूभाऊजी अमरावतीले पंख्याखाली बसले हायेत. त्याइच्या काटीपायी म्या नाल्याच्या अंगानं येढा घालू काय? उचलली आन फेकली!’

‘भिवाजीकाका व्हते तवा तर थांबायच्या तुमी.’

‘थे सोता उभे राह्यत. म्हातारा मानूस उनात उभा राह्यला का आपन थांबतो. काटीले कोन थांबते?’

त्यानंतर मी काटी टाकली नाही. पंचवीस आखज्या गेल्या. दरवेळी तू पत्रात विचारायचास, ‘काम झालं ना?’ मी लिहायचो, ‘आखजी छान पार पडली.’ आंब्याच्या रसाची, पुरणपोळीची हकिकत लिहायचो. तू कधी एका आखजीला येऊन बघितलं नाहीस.

आणि गेल्या ज्येष्ठात तू शेत मालेगावच्या मदनसिंगला, त्या कापसाच्या व्यापाऱ्याला, प्लॉट पाडायला द्यायचं ठरवलंस. त्यानं सौद्याआधीच तुझ्या संमतीनं चारी बाजूंनी काटेरी तार ओढली आणि राखणीला लालसिंग बसवला. माझा मळा आणि बौद्धवाडा एकीकडे, पक्की सडक आणि मोटार थांबते ती जागा दुसरीकडे. मधल्या वाटेचं तोंड बंद. उरला नाला. उन्हाळ्यात ठीक. पावसाळ्यात नाला काय असतो ते तुला मी सांगायला नको, तूच एकदा त्यात चप्पल वाहवली होतीस.

देवमननं वाड्याच्या सह्या घेऊन तहसीलदाराकडे अर्ज केला. त्यावरूनच तर तुला माझ्या सहीची गरज पडली.

मागच्या आठवड्यात तहसीलदार मौक्यावर आले. तरणा पोरगा आहे, चष्मा लावतो. मदनसिंग जीपमधून आला, संगती वकील. सारं गाव बांधावर. वकिलानं त्या अर्जावरचा तुझा जबाब वाचून दाखवला. मग साहेब माझ्याकडे वळले.

‘काका, दर अक्षय्य तृतीयेला काटी तुम्ही टाकत होता?’

म्हटलं, ‘एक डाव टाकली साहेब. घरातलीनं उचलून फेकली. मंग काई आपली छाती झाली नाई.’

सगळे हसले. मदनसिंग लाल झाला. ‘साहब, ये बुढ्ढा सठिया गया है. दिनभर घूमता फिरता है, गाने गाता है. इसकी बात क्या सुनते?’

म्हटलं, ‘बरोबर हाय. फिरतोच मी. याच वाटेनं फिरतो, आन मले कोनी कधी अडवलं नाई.’

साहेब वाटेनं चालत गेले. मध्येच थांबले. तिथं वाट उगाच वळते, तुला ठाऊक आहे. चांगला मोठा वळसा घालून पुन्हा सरळ होते. साहेब म्हणाले, ‘इथं काहीच नाही. मग वाट अशी का गेली?’

वकील म्हणाला, ‘जनावरांनी पाडलेली पाऊलवाट आहे सर, तिला ना दिशा ना हेतू.’ शब्द तुझाच, फक्त मराठीत.

लिलाबाई पदर सावरत पुढे आली. ‘साह्यब, अथी पळस व्हता मोठा. भिवाजीबुवाच्या तेरवीले बापूरावनं जळतनाले तोडला. पन पाय आमचे सवयीनं तसेच वळत राह्यले.’

देवमननं कुदळ आणली. दोन-चार घाव घातले आणि पळसाचं काळं खोड वर आलं, कुजून मऊ झालेलं. साहेब वाकून बघत राहिले. तेरवी कोणत्या साली झाली ते कोतवालाच्या बापापासून सगळ्यांना माहीत होतं, म्हणजे वाट पंचवीस वर्षांहून जुनी ठरली. ज्या वळणाला तू ड्रिफ्ट म्हणालास ना बापू, त्या वळणानंच तुला बुडवलं. पळसही तूच तोडला होतास.

हुकूम झाला. वाट लोकांची. तार काढायची. परवा ती निघाली. लालसिंग स्वतः गुंडाळत होता, हाताला ओरखडे येत होते. मदनसिंग जीपमध्ये बसता बसता म्हणाला, ‘उस मास्टर को बोलो, सौदा कॅन्सल. बीच में से रास्ता जाता है, वो जमीन मैं क्या अचार डालूँ?’ तेवढा निरोप पोचवायला त्यानं मलाच सांगितलं. पोचवला.

आता तुला वाटत असेल, पोरपणच्या चिडवण्यावरून, एका पितळी पेल्यावरून भगवंत असा उलटला. त्याचा राग नाही म्हणून वर लिहिलं आहे. पुन्हा वाच.

भाद्रपदात चार दिवस झड लागली होती. तुझ्या वहिनीला पहाटेपासून उलट्या-हगवण. सकाळी डोळे खोल गेले, हातपाय थंड. देवमन आणि वाड्यातले तिघे धावत आले. बाजेवर टाकलं, वर लिलाबाईनं घोंगडी धरली. सवयीनं वाटेलाच लागलो. तारेपाशी आलो. लालसिंग म्हणाला, ‘बापूरावांचं लेखी आहे माझ्याजवळ. तार तुटली तर माझी नोकरी जाईल, तुम्ही नाल्यानं जा.’ देवमन त्याच्या अंगावर गेला. मी हात जोडले. पलीकडे मोटार उभी दिसत होती. हॉर्न ऐकू येत होता.

हौसानं डोळे उघडले. म्हणाली, ‘काहून थांबले?’

मी म्हटलं, ‘काटी हाय आडवी.’

म्हणाली, ‘मंग उचला न.’

नाल्याला कमरेइतकं पाणी होतं. बाज खांद्याच्या वर धरून नेली त्यांनी. पलीकडच्या काठावर खाली ठेवली तेव्हा लिलाबाईनं तोंडात पाणी घातलं, ते बाहेर आलं. मोटार गेली होती.

तुला कुणी कळवलं नाही. मी कळवू दिलं नाही. कळवलं असतं तर तू धावत आला असतास. माझ्या गळ्यात पडून रडला असतास, कारण तू काही वाईट माणूस नाहीस. स्वतःच्या हातानं तार काढून दिली असतीस. आणि मग मला तुला माफ करावं लागलं असतं. ते मला नको होतं. मला ती तार तुझ्या मनाविरुद्ध, भर गावासमोर निघायला हवी होती. आणि तुझ्या लेखी ती जिवंत असताना ‘सौ. वहिनींस नमस्कार’ हे तुझ्या हातचं मला हवं होतं. ते पत्र मी ठेवलं आहे.

काल संध्याकाळी वाटेनं गेलो. सावकाश. पळसाच्या जागी वळलो. एकही कविता आठवली नाही. आठवेल पुढं. आता रोज जाणार आहे, आणि तुझ्या पोरांनाही ते शेत कुणाला विकताना आधी माझ्या पायाखालची पट्टी दाखवावी लागेल.

आखजी जवळ आली. यंदा हौसाच्या नावाची पहिली घागर भरायची आहे. लोक घरात भरतात. मी वाटेवर भरणार आहे, मधोमध, भिवाजीकाका फांदी टाकत त्याच जागी. पाण्याची घागर, वर खरबूज, बाजूला आंबे. ओंजळ सोडताना तुझा नमस्कार तिला पोचता करीन.

तू ये. तुझा हक्क राखायचा असेल तर या वेळी दुसऱ्यावर सोपवू नकोस. बाभळीची फांदी आपल्या हातानं तोडून आण, आणि टाक आडवी त्या घागरीवर. मी उचलणार नाही. उचलणारी आता नाही.

पत्राचा कोपरा पोस्टात फाटलेला नाही. मी फाडला आहे, मौतीच्या पत्राचा फाडतात तसा. आता अंगावर पाणी घे.

वाटेवर उभा असलेला,
भगवंत