दोन लाख किलोकॅलरीचे किलोवॅट

सोम., ३ फेब्रु.
बुटीबोरीहून परतीच्या बसमध्ये लिहितेय. कापडगिरणीच्या डाईंगला (रंगाई खात्याला) गरम पाणी देणारा कोळशाचा बॉयलर काढून विजेचा हीटर बसवायचाय. माझं पहिलं स्वतंत्र काम! बॉयलरच्या पाटीवर ताशी २ लाख किलोकॅलरी. कि.वॅ. काढले, ५८.६. म्हणजे ६०चा हीटर. साहेब खूश, "एवढ्यात भागतं?" उद्या ऑर्डर. नोकरी पक्की व्हायला दोन महिने उरलेत, हे नीट पार पडलं की...

मंगळ., ४ फेब्रु.
चुकले. साफ चुकले.
नामदेवकाकांनी (बावीस वर्षं बॉयलर त्यांच्याच हातात) चहाच्या वेळी बाजूला बोलावलं, चारचौघांत नाही. "मॅडम, माह्या घरी दोन किलोवॅटचा गीझर हाये. तुमचा हीटर साठचा. म्हंजे तीस गीझर. तीस गीझरवर अख्खं डाईंग चालन का?"
आधी चिडलेच. मग कागद काढला. किलोकॅलरीला ८६० ने भागायचं, मी बीटीयूच्या ३४१२ ने भागलं! सीताबर्डीच्या एसीच्या दुकानात दोन वर्षं बीटीयूचे कि.वॅ. केले, हात तिकडेच वळला. समोर किलोकॅलरी लिहिलेलं असून. खरं उत्तर २३२.६. चौपट!
धावत जाऊन ऑर्डर थांबवली. साहेब म्हणाले, "वेळेत पकडलंस, शाबास." मी काकांचं नाव घेतलं नाही. का नाही घेतलं?

गुरु., ६ फेब्रु.
दोन दिवस घास गोड लागला नाही. आज काकांना विचारलंच. हीटर आला की तुमचं काम जाणार. बोलला नसतात तर हीटर नापास झाला असता, बॉयलर राहिला असता. मग का सांगितलंत?
"मनात आलं होतं, मॅडम. खोटं कशाले बोलू? सोमवारी आकडा आयकला, दिवसभर चूप होतो. पण थंड्या पान्यात रंग पक्का होत नाही. माल वापस आला असता, अन् बोलणी तुमाले बसली असती."
डोळ्यांत पाणी आलं. अशी माणसं मला भेटतात, माझं नशीबच थोर. बेसाला खोलीवर पोचल्यावर आईला फोन केला. सगळं ऐकून ती एवढंच म्हणाली, "अन् साहेबाले सांगितलं का वं?"

शुक्र., ७ फेब्रु.
सांगितलं. चूक माझी, पकडली काकांनी. साहेब म्हणाले, "तुझ्या नोकरीचं एप्रिलमध्ये बघू." बघोत. आज पोटभर जेवले.

शुक्र., १४ फेब्रु.
हीटर चालवायला शिकायला दोघांना पाठवणार. यादीत दोघेही आयटीआयवाले. काका नाहीत. पेनाने खाली तिसरं नाव लिहिलं आणि कागद घेऊन साहेबांकडे गेले.
"अगं, ते दहावी नापास आहेत."
"आणि मी इंजिनिअर आहे, सर."
साहेब हसले. कागद ठेवून घेतला. सही अजून केलेली नाही.